नसलेल्या अणूचे शेजारी

निर्वात चेंबरमध्ये ठेवला तेव्हा तो स्फटिक जवळजवळ काचेसारखा होता. सेंटिमीटरभर लांबी-रुंदीचा, मिलिमीटरभर जाडीचा चौकोनी तुकडा. पांढऱ्या कागदावर ठेवला तर कागद त्याच्यातून किंचित पिवळसर दिसे, एवढीच काय ती झाक. रुटाइल, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडचं एक रूप. भिंतीच्या पांढऱ्या रंगात आणि सनस्क्रीनमध्ये हेच रसायन भुकटी होऊन बसलेलं असतं, पण एकसंध स्फटिक म्हणून ते हातात घेण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.

मग त्याची साफसफाई सुरू झाली. आर्गॉनच्या आयनांचा मारा करून वरचे काही थर खरवडायचे. त्याला आम्ही स्पटरिंग म्हणतो. खरवडून विस्कटलेला पृष्ठभाग मग सहा-सातशे अंश सेल्सिअसला तापवायचा, म्हणजे अणू पुन्हा आपापल्या जागी बसतात. पुन्हा स्पटरिंग, पुन्हा तापवणं. दिवसाला तीन-चार फेऱ्या. आठवड्यानंतर खिडकीतून आत टॉर्च मारला तर तुकडा निळा दिसला. फिका नव्हे, शाईसारखा निळा. मी घाबरून सरांना बोलावलं, वाटलं काहीतरी बिघडवून ठेवलं. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "झाला तयार. आता मोजायला घे."

पुढची अनेक वर्षं मी त्या निळेपणाचा अर्थ लावण्यात घालवली, आणि ती वर्षं मला अजून प्रिय आहेत.

आधी निळा का झाला ते सांगते. रुटाइलचा बँड गॅप ३ इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणूंच्या जगातलं ऊर्जेचं माप). ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनांनी भरलेला खालचा पट्टा आणि टायटॅनियमच्या ३-डी, म्हणजे तिसऱ्या कवचातल्या डी कक्षांचा रिकामा वरचा पट्टा, यांच्यामध्ये एवढं अंतर. दृश्य प्रकाशाच्या कणाची ऊर्जा साधारण पावणेदोन ते तीनच्या थोडी वर, म्हणून जांभळ्या टोकाचा जरासा अंश सोडला तर सगळा प्रकाश आरपार जातो. निर्वातात तापवलं की स्फटिकातून ऑक्सिजन निघून जातो. जाताना तो उदासीन अणू म्हणून जातो आणि टायटॅनियमकडून घेतलेले दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवतो. हे मागे राहिलेले इलेक्ट्रॉन अवरक्त आणि तांबडा प्रकाश शोषतात. उरतो तो निळा.

याच्यामुळेच तुकडा 'तयार' झाला होता. आमचा मायक्रोस्कोप स्कॅनिंग टनेलिंग जातीचा. १९८१ साली बिनिग आणि रोरर यांनी झ्युरिकच्या आयबीएम प्रयोगशाळेत तो घडवला आणि १९८६ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. त्यात धातूची अणकुचीदार सुई पृष्ठभागाच्या इतकी जवळ नेतात की मधल्या पोकळीतून इलेक्ट्रॉन झिरपतात. त्या इवल्या प्रवाहावरून चित्र काढायचं. पण प्रवाह वाहायला नमुन्यात वीज वाहिली पाहिजे आणि शुद्ध, नेटकं रुटाइल तर विद्युतरोधक. ऑक्सिजन गमावून बसलेलं निळं रुटाइल मात्र वीज वाहून नेतं. ज्या उणिवेचा अभ्यास करायचा, ती उणीव असल्याशिवाय उपकरण चालतच नाही. ही अडचण मला नेहमी फार खरी वाटत आली आहे.

आता पृष्ठभागाकडे. घनसेंटिमीटरभर रुटाइलमधल्या अणूंपैकी पृष्ठभागावर असतात ते कोटीत एखादा. तरी बाहेरच्या जगाशी त्या पदार्थाचा जो काही व्यवहार होतो तो याच मूठभरांमार्फत.

रुटाइलच्या आत प्रत्येक टायटॅनियमभोवती सहा ऑक्सिजन असतात, प्रत्येक ऑक्सिजनभोवती तीन टायटॅनियम. टायटॅनियमकडे देण्यासारखे इलेक्ट्रॉन चार. ते सहा बंधांत वाटले तर प्रत्येक बंधाच्या वाट्याला दोन-तृतीयांश. ऑक्सिजनला हवेत दोन. त्याचे बंध तीन, तीन गुणिले दोन-तृतीयांश, बरोबर दोन. हिशेब चोख. (दोन-तृतीयांश इलेक्ट्रॉन ही मोजण्याची सोय, असा तुकडा सुटा कुठे मिळत नाही.)

हा स्फटिक कापला की बंध तुटतात. कुठल्या दिशेने कापला यावर बरंच अवलंबून असतं. सगळ्यात स्थिर आणि सगळ्यात जास्त अभ्यासलेला काप म्हणजे एक-एक-शून्य. त्यात एका ओळीतल्या टायटॅनियमचा वरचा ऑक्सिजन गेलेला असतो, त्याचे शेजारी सहाऐवजी पाच. त्याच्या बाजूच्या ओळीत ऑक्सिजन अणू पुलासारखे दोन टायटॅनियमवर उभे असतात. त्यांना तिसरा शेजारी नाही. ओळ टायटॅनियमची, ओळ ऑक्सिजनची, पुन्हा टायटॅनियमची. एका जातीच्या दोन ओळींमधलं अंतर साडेसहा अँगस्ट्रॉम (अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग), ओळीतल्या दोन शेजाऱ्यांमधलं सुमारे तीन.

पहिल्यांदा वाचताना मला वाटलं होतं, इतके बंध तुटले म्हणजे पृष्ठभागावर लोंबकळत्या इलेक्ट्रॉनांचा नुसता गोंधळ माजला असेल, बँड गॅप त्यांच्या पातळ्यांनी भरून गेला असेल. सिलिकॉनमध्ये तसं होतंही. पण हिशेब करून पाहा. तुटलेल्या बंधामागे टायटॅनियमच्या हातात दोन-तृतीयांश उरतात, ऑक्सिजनच्या कक्षेत चार-तृतीयांश. या कापात टायटॅनियमच्या बाजूने जितके बंध तुटतात तितकेच ऑक्सिजनच्या बाजूने. टायटॅनियमने उरलेलं देऊन टाकलं की ऑक्सिजनची कक्षा दोनने पूर्ण भरते आणि टायटॅनियमची पूर्ण रिकामी होते. कोणी अर्धवट राहत नाही. म्हणून सगळे अणू जागच्या जागी असलेल्या रुटाइलच्या पृष्ठभागावर बँड गॅप जवळजवळ स्वच्छ असतो. कागदावर तीन ओळींत हा हिशेब जुळला तेव्हा झालेला आनंद मी अजून विसरले नाही.

आणि मग एखादा पुलावरचा ऑक्सिजन निघून जातो. आमच्या निळ्या तुकड्यावर अशा रिकाम्या जागा, म्हणजे व्हेकन्सी, शेकडा पाच ते दहा असाव्यात. मागे राहिलेल्या दोन इलेक्ट्रॉनांना ऑक्सिजनकडे जायला वाव नाही, तिथल्या कक्षा भरलेल्या. ते टायटॅनियमच्या ३-डी कक्षेत शिरतात, आणि चार-धन टायटॅनियमपैकी दोन अणू तीन-धन होतात. अतिनील प्रकाश टाकून पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढले आणि त्यांच्या ऊर्जा मोजल्या, की एरवी रिकाम्या असलेल्या गॅपमध्ये, वहन पट्ट्याच्या (तो वरचा रिकामा पट्टा) एकाच इलेक्ट्रॉन-व्होल्टने खाली, एक बुटका उंचवटा दिसतो. तेच हे दोघे.

मी जिथे चुकले ती जागा इथून जवळच आहे.

एक्स-रे फोटोइमिशनमध्ये, म्हणजे अतिनीलऐवजी एक्स-रे टाकून केलेल्या अशाच मोजणीत, ऑक्सिजनच्या सगळ्यात आतल्या, १-एस कक्षेतले इलेक्ट्रॉन बाहेर येतात. रुटाइलमध्ये त्यांचा पीक, म्हणजे आलेखातलं शिखर, ५३० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास असतो. माझ्या मोजणीत त्याच्या डाव्या अंगाला, दीड-दोन व्होल्ट वर, एक खांदा होता. फिटिंगमध्ये, म्हणजे आलेखावर गणिती वक्र बसवताना, तो वेगळा काढला, खाली 'ऑक्सिजन व्हेकन्सी' असं लिहिलं, त्याचं क्षेत्रफळ मोजून व्हेकन्सींची टक्केवारी काढली आणि तक्ता करून सरांपुढे ठेवला. असे तक्ते मी छापील लेखांत कित्येकदा पाहिले होते.

सरांनी खांद्यावर पेन्सिल टेकवली. "हा कुणाचा?"

"व्हेकन्सीचा, सर."

"तिथे अणू आहे?"

"नाही. म्हणूनच तर व्हेकन्सी."

"मग हा इलेक्ट्रॉन कोणी दिला?"

मी गप्प झाले. जो अणू तिथे नाही त्याची १-एस कक्षाही नाही. तो एक्स-रे झेलणार नाही आणि त्याचा इलेक्ट्रॉन कुठल्याही पीकमध्ये येणार नाही. नसण्याला स्वतःचा पीक नसतो. तो खांदा बहुधा हायड्रॉक्सिलचा होता, म्हणजे पाण्यातून आलेल्या ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीचा. मी मोजून आणलेली टक्केवारी व्हेकन्सींची नव्हतीच. फार तर त्यांच्यावर येऊन बसलेल्यांची होती. व्हेकन्सीचा पुरावा हवा असेल तर तो टायटॅनियमच्या २-पी पीकमध्ये शोधायचा. मुख्य पीकच्या दीड ते दोन व्होल्ट खाली तीन-धन टायटॅनियमची लहानशी खूण असते. गेलेल्याबद्दल त्याचा शेजारी सांगतो.

ही चूक अजूनही सर्रास छापली जाते, आणि मला ते मनापासून खुपतं. चूक अवघड असती तर गोष्ट वेगळी. पण 'इलेक्ट्रॉन कोणी दिला' एवढा प्रश्न विचारला तरी ती टळते. आता कुणाचा लेख तपासायला आला की मी आधी ऑक्सिजन १-एसची आकृती उघडते.

हायड्रॉक्सिल आले कुठून, तर चेंबरमधल्या उरल्यासुरल्या पाण्यातून. आमच्या चेंबरमधला दाब वातावरणाच्या साडेसात लाख कोटींव्या भागाइतका. हा आकडा ऐकला की वाटतं आत काहीच नसणार. पण उघड्या हवेत पृष्ठभागावर रेणूंचा एक थर जमायला सेकंदाचा अब्जावा भाग पुरतो, आणि आमच्या निर्वातात, येणारा प्रत्येक रेणू चिकटला असं धरलं तर, पावणेतीन तास. म्हणजे दुपारच्या पहिल्या चित्रातला पृष्ठभाग आणि संध्याकाळच्या शेवटच्या चित्रातला पृष्ठभाग एक नव्हेत. पाण्याचा रेणू व्हेकन्सीत उतरतो, मोडतो, त्याचा ऑक्सिजन रिकामी जागा भरतो आणि सुटलेला हायड्रोजन शेजारच्या पुलावर जाऊन बसतो. एका व्हेकन्सीच्या जागी दोन हायड्रॉक्सिल.

मायक्रोस्कोपमध्ये हे ओळखणं वाटतं त्याहून कठीण. पुलावरचे ऑक्सिजन टायटॅनियमच्या ओळीपेक्षा अँगस्ट्रॉमभर उंच उभे असतात, तेव्हा उजळ रेघा त्यांच्याच, असं कुणीही म्हणेल. प्रत्यक्षात उजळ दिसतात त्या खाली असलेल्या टायटॅनियमच्या ओळी. सुईतून येणारे इलेक्ट्रॉन रिकाम्या कक्षा शोधतात, त्या टायटॅनियमकडे आहेत. ऑक्सिजन उंच असला तरी त्याच्याकडे जागा नाही, म्हणून तो काळा. उंची आणि उजळपणा यांची ही उलटापालट सिद्ध करायला गणितं लागली, आणि टायटॅनियमवरच बसणारे फॉर्मेटसारखे रेणू खुणेला ठेवून पाहावं लागलं. काळ्या ओळींवर मधूनमधून फिके ठिपके दिसत. कुणी त्यांना व्हेकन्सी म्हटलं, पुढे कळलं की त्यातले बरेचसे हायड्रॉक्सिल होते. ठिपक्यावर सुई धरून सुमारे तीन व्होल्टचा झटका दिला की हायड्रोजन उडून जातो, व्हेकन्सी जागची हलत नाही. दोघांना वेगळं करण्याची ही रीत मला फार आवडते. चित्राकडे पाहत तर्क लढवण्याऐवजी ठिपक्यालाच विचारायचं.

संगणकावरच्या गणितात या दोन इलेक्ट्रॉनांनी आम्हाला आणखी छळलं. डेन्सिटी फंक्शनल थिअरी ही पदार्थातल्या इलेक्ट्रॉनांचं गणित मांडण्याची रूढ पद्धत. तिची नेहमीची रूपं वापरली तर रुटाइलचा बँड गॅप तीनऐवजी दोनच्याही खाली येतो, आणि मागे राहिलेले इलेक्ट्रॉन कुठल्याच अणूवर न बसता वहन पट्ट्यात पातळ पसरतात. प्रयोगात दिसणारा तो बुटका उंचवटा मग गणितात सापडतच नाही. कारण असं की या रूपांत इलेक्ट्रॉन काही अंशी स्वतःलाच ढकलतो, आणि ती ढकल कमी व्हावी म्हणून पसरतो. डी-कक्षांचं हे दुखणं जुनं आहे. १९३७ सालीच द बूर आणि फर्वे यांनी दाखवून दिलं होतं की पट्ट्यांच्या साध्या हिशेबाने निकेल ऑक्साइडमधून वीज वाहायला हवी, पण ते तर पक्कं विद्युतरोधक. एकाच अणूवर दोन डी-इलेक्ट्रॉन आले की त्यांच्यातलं अपसारण किती महत्त्वाचं ठरतं, हा विचार पुढे मॉट आणि हबर्ड यांच्या हातून वाढला.

गणितात हबर्डची यू नावाची, हेच अपसारण हिशेबात धरणारी दुरुस्ती घातली की चित्र पालटतं. इलेक्ट्रॉन एका टायटॅनियमवर स्थिरावतो, भोवतीचे ऑक्सिजन थोडे मागे सरतात, त्या खळग्यात त्याची पातळी खाली उतरते आणि गॅपमध्ये येते. आपणच केलेल्या खळग्यात बसलेल्या अशा इलेक्ट्रॉनला पोलॅरॉन म्हणतात. गंमत म्हणजे तो व्हेकन्सीला चिकटून राहीलच असं नाही. पृष्ठभागाच्या खालच्या थरातल्या टायटॅनियमवर त्याला जास्त बरं वाटतं, आणि थोडी उष्णता मिळाली की तो एका अणूवरून दुसऱ्यावर उडी मारतो. यू किती घ्यायचा हा मात्र प्रामाणिकपणाचा प्रश्न आहे. हवं ते उत्तर येईपर्यंत तो खुंटा पिळता येतो. यू बदलला तर निष्कर्ष बदलतो का, हे लेखात सांगितलेलं नसेल तर मी त्या निष्कर्षावर फारसा विसंबत नाही.

सगळी ऑक्साइडं रुटाइलसारखी नसतात. मॅग्नेशियम ऑक्साइडमध्ये डी-इलेक्ट्रॉनच नाहीत. तिथे सगळा खेळ आयनांच्या ओढाताणीचा. ही ओढ मोजणारा मादेलुंग स्थिरांक स्फटिकाच्या आत १.७४८, सपाट पृष्ठभागावर १.६८२. फरक चार टक्क्यांच्या आत, पण आत ७.८ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असलेलं दोन पट्ट्यांमधलं अंतर पृष्ठभागावर एखाद्या व्होल्टहून अधिक घटायला तो हातभार लावतो. पायऱ्यांच्या कडांवर आणि कोपऱ्यांवर, जिथे आयनाला चारच किंवा तीनच शेजारी उरतात, ते आणखी घटतं. म्हणून बारीक भुकटी अशा अतिनील किरणांना शोषते जे एकसंध स्फटिकातून सरळ निघून जातात. झिंक ऑक्साइडच्या काही कापांत तर एक थर धन, पुढचा ऋण अशी चवड असते. जाडी वाढेल तसं तिच्यातलं विद्युतविभव वाढत जाईल आणि स्फटिक टिकणार नाही, असं गणित म्हणतं. तो टिकतो, कारण जस्ताच्या बाजूचा पृष्ठभाग आपले सुमारे चतुर्थांश अणू सोडून देतो, आणि त्यातून मायक्रोस्कोपखाली इवले त्रिकोणी खड्डे आणि बेटं दिसतात. स्थिर राहण्यासाठी स्वतःचा भाग सोडणारा तो पृष्ठभाग मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा कितीतरी वेळ नुसती बघत बसले होते.

हे सगळं चेंबरमध्येच कोंडलेलं आहे असं मात्र नाही. गॅसगळती ओळखणाऱ्या साध्या यंत्रात टिन ऑक्साइडचा थर असतो, दोन-चारशे अंशांवर तापवलेला. हवेतला ऑक्सिजन त्याच्या कणांवर बसतो आणि आतले इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून घेतो. पृष्ठभागालगतचे ऊर्जापट्टे वर वाकतात, कणाकणांच्या सीमेवर इलेक्ट्रॉनांना चढ लागतो, रोध वाढतो. ज्वलनशील वायू आला की तो बसलेल्या ऑक्सिजनशी संयोग पावतो, अडकलेले इलेक्ट्रॉन परत आत जातात, चढ उतरतो, रोध घसरतो आणि घंटा वाजते. १९६२ साली जपानमध्ये सेइयामा यांनी झिंक ऑक्साइडचा असा वापर दाखवला आणि तागुची यांनी टिन ऑक्साइडचं पेटंट मागितलं. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, फुजिशिमा आणि होंडा यांनी रुटाइलच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाणी फोडलं. ऑक्साइडांच्या पृष्ठभागांकडे जगाचं लक्ष वळलं ते बरंचसं त्यानंतर.

एक वाद माझ्या डोळ्यांसमोर घडला, आणि त्याने मला माझ्या स्फटिकाकडे नव्याने पाहायला लावलं. गॅपमधला तो बुटका उंचवटा पुलावरच्या व्हेकन्सींचा, हे सगळे धरून चालले होते. २००८ साली एका गटाने मांडलं की त्याचं श्रेय मुख्यतः टायटॅनियमच्या जादा अणूंना जातं. ऑक्सिजन गेल्यावर शिल्लक राहिलेले हे टायटॅनियम पृष्ठभागाखाली, स्फटिकाच्या मधल्या फटींत अडकून बसतात आणि तेही इलेक्ट्रॉन देतात. दोनच वर्षांत दुसऱ्या गटाने इलेक्ट्रॉनांचा मारा करून व्हेकन्सी वाढवल्या, त्याबरोबर उंचवटा वाढत गेल्याचं दाखवलं आणि पारडं पुन्हा व्हेकन्सींकडे झुकवलं. मला वाटतं दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. इलेक्ट्रॉन कोणी दिला हे इलेक्ट्रॉनकडे पाहून कळत नाही. कुठूनही आला तरी तो त्याच टायटॅनियमवर, त्याच खळग्यात बसतो. सरांनी मला विचारलेला प्रश्न या वादात पुन्हा समोर आला. या वेळी त्याला दोन उत्तरं होती.

तो स्फटिक आता माझ्या टेबलाच्या खणात, प्लास्टिकच्या डबीत आहे. चेंबरमधून काढून खूप वर्षं झाली. बाहेर हवेत येताच त्याच्या पृष्ठभागावरच्या व्हेकन्सी भरून गेल्या असणार, पाण्याने आणि ऑक्सिजनने. मी जे मोजत होते त्यातलं त्या पृष्ठभागावर आता काही नाही. तरी तुकडा निळाच आहे, कारण निळेपणा वरचा कधीच नव्हता. तो आतला, त्या फटींतल्या टायटॅनियमचा आणि खोलवरच्या रिकाम्या जागांचा. खोलीच्या तापमानाला ऑक्सिजन तिथवर पोहोचू शकत नाही. भट्टीत ऑक्सिजन सोडून चांगला तापवला तर तो पुन्हा काचेसारखा होईल.

अजून मी तो तापवलेला नाही.